न धावण्याची तालीम

देवळाली कॅम्पातल्या कुत्र्यांना तोफेचं काही वाटत नाही. रेंजवर फायरिंग सुरू झालं की घरांची तावदानं थरथरतात. मुंबईहून हवापालटाला आलेला पाहुणा हातातला कप बशीत ठेवून “हे काय?” अशा नजरेने बघतो. आणि त्याच वेळी लॅम रोडच्या कडेला आडवं पडलेलं कुत्रं कानावरची माशीसुद्धा उडवत नाही. तोफखान्याची शाळा काकूलहून इथे आली ती १९४१ साली. तेव्हापासून इथल्या कुत्र्यांच्या कितीतरी पिढ्या या धडामधूममध्येच जन्मल्या, वाढल्या आणि म्हातारपणी त्याच आवाजात डुलक्या काढत राहिल्या. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘के-नाईन वज्र’ नावाची स्वयंचलित तोफ इथेच, देवळालीत, समारंभाने सैन्यात दाखल झाली. जगात अनेक ठिकाणचे पोलीस आपल्या श्वानपथकालाही ‘के-नाईन’च म्हणतात. पण आपल्या नावाची, १५५ मिलिमीटर तोंडाची एवढी मोठी तोफ गावात आली म्हणून कॅम्पातल्या एकाही के-नाईनने मान वर केली नाही.

तीच कुत्री खार दिसली की वेडी होतात. झोपेतून उठून, रस्त्यावरची लष्करी ट्रक न बघता, झाडाच्या बुंध्यापर्यंत धावतात. खार वर निघून जाते. कुत्रं खाली उभं राहून तिला पाच मिनिटं शिव्या देतं. दुसऱ्या दिवशी तीच खार, तेच झाड, तेच कुत्रं.

तोफेकडे दुर्लक्ष करायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि खारीकडे दुर्लक्ष करायला शिकवू म्हटलं तर ती शिकत नाहीत. कारण उघड आहे. तोफेचा आवाज येतो आणि जातो, तो कुत्र्यासमोरून पळत नाही. पळेल त्याच्या मागे जायचं हे कुत्र्याला आईच्या पोटातूनच येतं. ते शिकवायला गुरू लागत नाही. गुरू लागतो तो पळणाऱ्याकडे बघून बसून राहायला शिकवायला.

आमच्या मोत्याच्या बाबतीत हा गुरू शोधायची वेळ आली. मोत्या आम्हाला ज्यांनी दिला त्यांच्या म्हणण्यानुसार तो कारवान. म्हणजे लातूरकडचा, लांब तोंडाचा, पोट खपाटीला गेलेला, वाऱ्याशी शर्यत लावणारा खानदानी शिकारी कुत्रा. आमच्या मते वडिलांपुरतं हे खरं असावं. मातुल घराणं भगूरच्या बाजारातलं. वडिलांकडून त्याने पाय घेतले आणि आईकडून आत्मविश्वास. खार, मुंगूस, टिटवी, मोर, घोरपड, शेळ्या, पेपरवाल्याची सायकल आणि मागच्या बंगल्यातल्या कर्नलसाहेबांची मांजर, यांपैकी काहीही हललं की मोत्या सुटलाच.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात त्यांनी उमेदीची वर्षं लष्करी कुत्र्यांबरोबर काढली आहेत. माणसांशी ते फारसं बोलत नाहीत, बोलले तरी आज्ञार्थीच बोलतात. कर्नलसाहेबांच्या मांजरीचं प्रकरण फाटकापर्यंत आलं तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो.

“मास्तर,” मोत्याकडे बघत ते म्हणाले, “याने कशाच्या मागे जायचं नाही?”

“कशाच्याच.”

“कशाच्याच म्हणजे त्याच्या डोक्यात काहीच शिरणार नाही. यादी करा.”

मला वाटलं, यादी कुत्र्याला वाचून दाखवायची. पण त्यांचा मुद्दा वेगळा होता. माणसाच्या मनातच नक्की नसेल तर कुत्र्याने काय समजायचं? सकाळी मुंगसामागे गेला म्हणून कौतुक आणि संध्याकाळी मोरामागे गेला म्हणून मार, असं असेल तर कुत्रं एवढंच शिकतं की मालक संध्याकाळी बिघडतो.

अशी यादी करण्यात इंग्रजांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी विलायतेहून बोटीने आपली फॉक्सहाउंड कुत्री आणली. पुण्या-खडकीला अशा कुत्र्यांची पलटण होती, मुंबईकर साहेबांचा तर ‘बॉम्बे जॅकल क्लब’ होता. या क्लबच्या नावातच सगळी तडजोड आहे. तिकडे ही कुत्री फॉक्समागे धावायची. इकडे फॉक्सचा खरा भाऊबंद म्हणजे माळावरचं खोकड. पण ते अंगाने लहान, चटकन वळणारं आणि बिळात शिरणारं. लाल डगले घालून घोड्यावरून कोसभर दौडायची हौस त्याच्याने भागेना. मग कोल्ह्याला बढती मिळाली. शिकार निघायची थंडीच्या दिवसांत, भल्या पहाटे, गवतावर दव असेतो. दख्खनचं ऊन चढलं की जमिनीवरचा वास उडून जातो आणि विलायती नाक बेकार होतं.

ही कुत्री मोजतात जोडीने. पस्तीस कुत्री असली तर साहेब पस्तीस म्हणणार नाही, साडेसतरा जोड म्हणेल. आता अर्धी जोड म्हणजे नेमकं काय हे एखाद्या विधुराला विचारावं. पण त्यात शहाणपणाची एक गोष्ट होती. तरुण कुत्र्याला जाणत्या कुत्र्याशी पट्ट्याला पट्टा अडकवून बांधत आणि दोघांना बरोबर फिरवत. ससा उठला की तरुणाने झेप घ्यायची आणि म्हाताऱ्याने जागचं हलायचं नाही. मान मुरगळायची ती तरुणाची. चार वेळा मुरगळली की त्याला कळायचं की ससा ही आपल्या घराण्यात धावायची गोष्ट नाही. त्याआधी पिल्लं शेतकऱ्यांच्या घरी ठेवायला देत, म्हणजे कोंबड्या, मांजरं, वासरं यांच्यात ती वाढत आणि ही मंडळी घरचीच आहेत असं समजून चालत. उन्हाळाभर मग सगळ्या पलटणीला मेंढरांच्या कळपांमधून पायी फिरवून आणायचं.

एवढं करूनही एखादं कुत्रं भलत्या वासावर गेलंच, तर त्याला म्हणत रायट. त्यावर ओरडण्याच्याही तऱ्हा होत्या, हरणासाठी एक, पाखरासाठी वेगळी, सशासाठी आणखी तिसरी. कुत्र्याने कुठला गुन्हा केला हे गुन्हा चालू असतानाच त्याला कळलं पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. आपल्या न्यायव्यवस्थेला तो अजून परवडलेला नाही.

हे ओरडण्याचं आणि चाबूक वाजवण्याचं काम ज्याच्याकडे असे तो ‘व्हिप’. शिकारीचा मुख्य माणूस पुढे, आणि हा कडेकडेने घोडा हाकत, कोण ओळ सोडून चाललंय यावर नजर ठेवणारा. हाच माणूस पुढे चाबूक घरी ठेवून इंग्लंडच्या संसदेत शिरला आणि तिथून आपल्या विधिमंडळात आला. महाराष्ट्राला त्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. खरा व्हिप कोणाचा, यावर आपल्याकडे एवढा खल झाला की ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तो नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही. शिकारीच्या मैदानावर असा प्रश्न कधी आला नव्हता. तिथे कुत्री व्हिप निवडत नसत.

या सगळ्या विद्येवरचं जुनं आणि नावाजलेलं पुस्तक पीटर बेकफर्ड या इंग्रज जमीनदाराचं, १७८१ सालचं. त्यात उपदेश भरपूर आहे, पण माझ्या लक्षात राहिली ती मेंढ्याची गोष्ट. एका बड्या माणसाच्या कुत्र्यांची सगळी पलटण मेंढरांमागे लागायची. त्याने उपाय योजला, की त्यांना चांगल्या दांडग्या एडक्याबरोबर कोंडायचं. एडका त्यांना असा ढुशा मारून काढेल की जन्मात मेंढरू बघितलं तरी शेपूट घालतील. तसं केलं. नंतर दार उघडून बघतात तो एडक्याचा पत्ताच नाही, आणि त्याला फस्त करून कुत्री यथास्थित झोपलेली. ही गोष्ट सुभेदारांना सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “कुत्र्यांची चूक नाही. त्यांना कोंडताना जेवायला दिलं होतं का?”

अमेरिकेतली तऱ्हा आणखी निराळी. तिथे रॅकून नावाच्या, डोळ्यांवर काळी पट्टी असलेल्या प्राण्यामागे रात्री कुत्री सोडतात. कुत्र्याने झाडापर्यंत माग काढायचा आणि खाली उभं राहून भुंकायचं. आमच्या लॅम रोडची कुत्री खारीच्या बाबतीत हे फुकट करतात, ते सोडा. तिथे या कुत्र्यांचं मोठं पाप म्हणजे हरणामागे जाणं. त्यासाठी विजेचे झटके देणारे पट्टे आले, हरणाच्या वासाच्या बाटल्या विकायला आल्या. जुने लोक तर कुत्र्याला त्या वासासकट पिंपात घालून पिंप घरंगळत सोडायचे, म्हणजे गरगरून ओकारी झाली की हरणाचं नाव नको. ऐकूनच मला मळमळलं. हरणांवर माझा राग नव्हता, पण तेव्हापासून पिंपाकडे मी साशंक नजरेने बघतो.

आपल्या महाभारतात मात्र भलत्या मागावर गेलेल्या शिकारी कुत्र्याची एक गोष्ट आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पांडव शिकारीला निघाले, बरोबर कुत्रा होता. शिकार राहिली बाजूला आणि कुत्रा रानात भटकत एकलव्यापाशी जाऊन भुंकू लागला. काळा, मळलेला, मृगचर्म नेसलेला एक मुलगा बाणांचा सराव करतोय, यात भुंकण्यासारखं काय होतं हे कुत्र्यालाच ठाऊक. एकलव्याने सात बाणांनी त्याचं तोंड बंद केलं. कुत्र्याचा जीव गेल्याचं कथेत नाही. तो तसाच पांडवांकडे परत गेला, त्यांनी तो नेम पाहिला, मग चौकशी, मग द्रोण, मग अंगठा. भुंकला कुत्रा आणि अंगठा गेला एकलव्याचा. त्या कुत्र्याला जर कुणी वेळेवर शिकवलं असतं की झाडाखाली शांतपणे आपलं काम करणाऱ्याच्या वाटेला जायचं नाही, तर महाभारतातलं एक पान वेगळं झालं असतं. नाशिक जिल्ह्यात भिल्ल वस्त्या पुष्कळ आहेत आणि तिथे एकलव्याचं नाव आपुलकीने घेतात. त्या कुत्र्याचं नाव कुणालाच माहीत नाही, हे बरंच आहे.

शिकारीचा आणि कुत्र्याचा विषय निघाला की आमच्या कॅम्पात खंडोबा टेकडीला वळसा घालून जाता येत नाही. खंडोबाचा कुत्रा त्याच्या घोड्याबरोबर धावतो. जेजुरीला देवाचे वाघ्ये चंपाषष्ठीला स्वतःच कुत्रे होतात, भुंकतात, कोटंब्यातलं खातात. कुत्र्याला एवढा मान दुसऱ्या कुठल्या देवाच्या दारात नसेल. पण खंडोबाची जी कथा वाघ्या-मुरळीच्या गाण्यांतून घरोघरी पोचली, तिच्याकडे सुभेदारांच्या नजरेने बघितलं तर काय दिसतं? देव शिकारीच्या निमित्ताने रानात निघाला. तिथे धनगराची बाणाई दिसली. शिकार राहिली, देव धनगरवाड्यावर मेंढरं राखत बसला आणि शेवटी बाणाईला घेऊन गडावर आला. कुत्रा बिचारा नेकीने बरोबर होता, मागावरून ढळले ते मालक. म्हाळसाईने यावर जे ऐकवलं ते शाहीर दोन-दोन तास गातात. त्या भांडणात कुत्र्याची साक्ष कुणी काढली नाही.

गंमत म्हणजे, धावायचं नाही ही विद्या सर्वांत पक्की कुणाला येत असेल तर त्या बाणाईच्या माहेरच्या कुत्र्यांना. धनगराचं कुत्रं शिकारीचं नव्हे, राखणीचं. पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढतं, कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपतं. वाड्याच्या आजूबाजूला ससा उठला तर त्याने मागे जायचं नसतं, कारण कुत्रं सशामागे गेलेलं लांडग्याला हवंच असतं. सिन्नरच्या बाजूने येणारे वाडे आमच्याकडे कधी उघड्या माळावर उतरतात, तेव्हा मी मोत्याला घट्ट धरून लांबून बघतो. त्या कुत्र्यांच्या गळ्यात ना साखळी ना विजेचा पट्टा. मेंढरं पुढे सरकली की ती उठतात, चार पावलं चालतात आणि पुन्हा बसतात. मोत्या त्यांच्याकडे बघून लाळ गाळत शेपटी हलवतो. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. मोत्या त्यांच्या यादीत नाही.

असल्या एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारलं होतं, “याला शिकवलं कुणी?”

“याच्या आईनं,” तो म्हणाला. आणि बराच वेळ विडी ओढून झाल्यावर, “तिला मेंढरांनी.”

सुभेदारांच्या मते मोत्याची अडचण वेगळीच होती. विलायती हाउंड चालतं नाकावर. वास जमिनीवर असतो, तो हुंगायला वेळ लागतो, तेवढ्यात हाक मारता येते. कारवान, मुधोळ, पश्मी ही घराणी डोळ्यांवर चालणारी. दिसलं की सुटली. हाक कानापर्यंत पोचेतो कुत्रं दुसऱ्या गल्लीत. या मुधोळांचा मानमरातब आता वाढलाय. २००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत मुधोळ होता, आणि २०१६ च्या सुमाराला मेरठला सैन्याने काही मुधोळ शिकवायला घेतले. आमच्या मोत्याला यातलं काही ठाऊक नाही, पण चालताना त्याची मान तिकिटावर छापायच्या कोनात असते.

तेव्हा इलाज ठरला तो असा. लांब दोरी. खिशात बिस्किटाचे तुकडे. मोत्याने खार बघितली की ओरडायचं नाही, दोरी ओढायची नाही, नुसतं थांबायचं. खारीकडे बघून बघून तो कधीतरी एकदा माझ्याकडे बघेल, ‘हा का हलत नाही’ म्हणून. बघितलं की लगेच बिस्कीट. एवढंच. “त्याला खार विसरायला नका सांगू,” सुभेदार म्हणाले. “ते होत नसतं. खार दिसली की मास्तरांचं तोंड बघायचं, एवढं त्याच्या डोक्यात घाला.”

माझ्या तोंडाकडे बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न घरात निघाला होताच. पण बिस्किटाने तो सुटला. पावसाळा सरता सरता मोत्या खारीपाशी थबकू लागला. मग मुंगसापाशी. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली तर कान टवकारून, अंग ताठ करून, सगळा देह टिटवीच्या दिशेने ठेवून तो मान तेवढी माझ्याकडे वळवायचा. वाकडी मान आणि सरळ अंतःकरण असं ते दृश्य असायचं.

या सबंध यादीत एक नाव मी लिहिलं नव्हतं, ते सुभेदारांनी घातलं. बिबट्या. दारणेच्या काठाने ऊस आहे, कॅम्पात झाडी आहे, आणि बिबट्या दोन्हीकडे मनमोकळा वावरतो. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने जवळजवळ ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या-बकऱ्यांपेक्षा जास्त. म्हणजे आम्ही इथे मोत्याच्या यादीवर खल करत होतो, तेव्हा उसातल्या यादीत मोत्या पहिल्या नंबरावर होता. आणि त्या विद्यार्थ्याला लांब दोरी बांधून बिस्कीट द्यायला सुभेदारसुद्धा तयार नव्हते. तेव्हापासून अंधार पडला की मोत्या घरात. हा धडा मात्र त्याने बिस्किटाशिवाय घेतला.

मी ही यादी घरी फ्रिजवर चिकटवून ठेवली होती. एक दिवस भाचा आला, वकिली शिकतो, त्याने ती वाचली आणि म्हणाला, “मामा, ही तर वन्यजीव कायद्याची परिशिष्टं आहेत.” खरंच होतं. मोर, घोरपड, मुंगूस, ससा, सगळ्यांना १९७२ च्या कायद्याचं छत्र. तो कायदा आला आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिकारी कुत्र्याच्या पायाखालची जमीन सरकली, फक्त त्याला कुणी कळवलं नाही. ज्या सशामागे धावला म्हणून बापाला शाबासकी आणि भाकरीचा जास्तीचा तुकडा मिळाला, त्याच सशामागे मुलगा धावला तर मालकाला कोर्टाची पायरी. कुत्रा तोच, ससा तोच, माळही तोच. यादी तेवढी बदलली.

आणि हे आपल्याकडेच झालं असंही नाही. इंग्लंडमध्ये फॉक्सहाउंडच्या कितीतरी पिढ्यांना घोकून शिकवलं गेलं की जगात पळणारं बाकी सगळं वर्ज्य, फक्त फॉक्स खरा. मग २००४ साली तिथल्या संसदेने कायदा केला, आणि २००५ च्या फेब्रुवारीपासून कुत्र्यांकरवी फॉक्स मारणं हाच गुन्हा झाला. आता वास लावलेलं फडकं पुढे ओढत नेतात आणि पलटण त्या फडक्यामागे जाते. मध्येच खरा फॉक्स आडवा गेला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करणं, ही आता चांगल्या कुत्र्याची परीक्षा. रायट म्हणजे काय, तर फॉक्स! बेकफर्डसाहेबांना हे कळलं तर ते एडक्यापाशी जाऊन बसतील.

या बदलत्या यादीत आपलं काम चोख शिकलेली कुत्री असतील तर ती वनखात्याची. ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २००८ पासून वनखात्यांसाठी अशी कुत्री तयार करायला सुरुवात केली. पंचकुल्याला इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांच्या केंद्रात कित्येक महिने त्यांचं शिक्षण चालतं. कुत्रा आणि त्याला सांभाळणारे वनरक्षक, सगळ्यांचं एकत्र. वाघाची हाडं, कातडं, हस्तिदंत असल्या लपवलेल्या मालाचा वास काढायचा. जंगलात फिरताना जिवंत चितळ समोरून उडी मारून गेलं तरी ढळायचं नाही. मेलेल्या वाघाचं काम, जिवंत हरणाला रजा. आणि एवढ्या कामाचं बक्षीस काय? एक चेंडू. कुत्र्याच्या मते त्याने तस्कर पकडलेला नसतोच, चेंडू मिळवलेला असतो.

नाशिक रोड स्टेशनवर मी एकदा असंच एक पोलिसी कुत्रं काम करताना बघितलं. सणासुदीची गर्दी. प्रत्येक पिशवीत चिवडा, निम्म्या पिशव्यांत द्राक्षं, एका मावशींच्या डब्यात तर सुक्या बोंबलांची चटणी असावी, कारण मलाच भूक लागली. कुत्रं एकेका सामानाला नाक लावून शांतपणे पुढे सरकत होतं. बोंबलापाशी ते अर्धा क्षण रेंगाळलं. हाताळणाऱ्या शिपायाने ते बघितलं, कुत्र्याने शिपायाकडे बघितलं, आणि दोघंही काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने पुढे गेले.

भाच्याने जाता जाता माझ्या यादीवर शेवटचा घाव घातला. जुन्या कायद्यात एक परिशिष्ट उपद्रवी प्राण्यांचं होतं. कावळे, वटवाघळं, उंदीर. हे मारले तरी सरकारची हरकत नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेलं. “म्हणजे मोत्याने आता करायचं काय?” मी विचारलं. भाचा म्हणाला, घरातल्या उंदरामागे कुत्रं लागलं म्हणून अजून तरी कुणावर खटला झालेला नाही. मांजरीचा मुद्दा मी काढला नाही. कर्नलसाहेबांची मांजर कुठल्याच परिशिष्टात नाही, पण तिचा दर्जा वाघाच्या वर आहे.

तेव्हा यादीच्या खाली मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘उंदीर: चालेल’. कारण गरज खरी होती. मागच्या खोलीत एक घूस येऊ लागली होती, चांगली भरभक्कम. बटाटे न्यायची, साबण न्यायची, एकदा सुभेदारांनी दिलेली दोरीही तिने अर्धी कुरतडली. परवा रात्री ती स्वयंपाकघरातून निघाली आणि भिंतीच्या कडेने, आमच्यासमोरून, मोत्याच्या नाकापुढून वीतभर अंतरावरून घाई न करता चालत गेली.

“मोत्या, धर!” मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच.

मोत्याने घुशीकडे बघितलं. अंग ताठ केलं, कान टवकारले. मग शिकवल्याप्रमाणे मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत नीट बसला. घूस मोरीत उतरून गेली तरी तो तसाच बसून राहिला.

“आता त्याला बिस्कीट द्या,” स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. “बरोबर केलंय त्याने.”

बिस्किटाचा डबा उघडून बघतो, तर त्याचा तळ घुशीने आधीच पोखरला होता.